सुटी कोणाची, खाडा कोणाचा?

मार्च महिना सरत आला की वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून एक ठरावीक लेख दरवर्षी डोके वर काढतो. कमी खर्चात आनंदाची सहल कशी आखावी, हा त्याचा विषय. तिकिटे आधी काढावीत, गर्दीचा हंगाम टाळावा, शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघावे, स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यावी, घरून कोरडा शिधा न्यावा, असा उपदेश त्यात केलेला असतो. उपदेश चुकीचा नाही. अडचण एवढीच, की तो ज्यांच्यासाठी लिहिला जातो त्यांना त्याची फारशी गरज नसते आणि ज्यांना गरज असते त्यांना तो पाळता येत नाही. काटकसर शिकवणारा हा लेख वाचकाला हळूच असेही पटवून देतो की सहलीला न जाणारे कुटुंब नियोजनात कमी पडलेले असते. गरिबीचा दोष गरिबाच्या आळसावर आणि अडाणीपणावर टाकण्याची ही जुनीच रीत आहे. या वेळी ती प्रवासाच्या पिशवीतून आली आहे.

एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा एक कामगार, त्याची पत्नी, आठ आणि दहा वर्षांची दोन मुले आणि शहात्तर वर्षांची आई. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून मालवणला जायचे, चार दिवस राहायचे, सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आणि परत यायचे, एवढीच त्यांची इच्छा. पुरवणीतला लेख या कुटुंबाला तिकीट, मुक्काम आणि जेवण अशी खर्चाची तीन कलमे मांडून देईल. चौथे कलम त्यात नसते, आणि ते या तिन्हींहून मोठे असते. त्याचे नाव खाडा. मागावरच्या कामगाराला विणलेल्या कापडाच्या हिशेबाने मजुरी मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. जाण्यायेण्याचे धरून सहा दिवस बाहेर राहायचे म्हणजे सहा दिवसांचा खर्च आणि वर सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी. पत्नी चार घरची धुणीभांडी करीत असेल तर तिचेही खाडे कापले जातात, शिवाय परत आल्यावर ती घरे हातात राहतील याची हमी नाही. पगारी रजेवर जाणाऱ्या बँक कर्मचाऱ्याच्या सहलीचा खर्च आणि या कुटुंबाच्या सहलीचा खर्च एकाच कोष्टकात मांडणे हे अर्थशास्त्र नव्हे, ती दिशाभूल आहे. पहिल्याची सुटी ही मिळकत असते, दुसऱ्याची सुटी हा तोटा असतो.

म्हणून स्वस्त सहलीचा प्रश्न मुळात पगारी रजेचा प्रश्न आहे. या देशात विश्रांतीचा प्रत्येक तास कोणी तरी झगडून मिळवला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याच्या एका सुटीसाठी मालकांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीचा एक आधार होता. देवाचे नाव घेऊन का होईना, पण माणसाला सात दिवसांतला एक दिवस स्वतःचा म्हणता आला. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. हा बदल चांगला आहे आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. पण कंत्राटदार ज्याचे नाव दर काही महिन्यांनी हजेरीपटावरून उडवतो आणि पुन्हा नव्याने चढवतो, त्याचे १८० दिवस तरी कागदावर कधी भरायचे? शेतमजूर, बिगारी, घरकामगार, हातगाडीवाला आणि मोबाइलवर येणाऱ्या हुकुमानुसार जेवणाचे डबे पोचवणारा तरुण यांना तर हजेरीपटच नाही. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर हक्काच्या रजेचा प्रश्नही रस्त्यावर आणला. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पगारी रजा मात्र आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे.

घटनाकारांना हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. घटनेच्या ४३व्या अनुच्छेदात निर्वाह वेतन आणि माणसासारखे जिणे यांच्या जोडीनेच, कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा यासाठी राज्याने झटावे, असा निर्देश आहे. त्याआधी १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याने २४व्या कलमात नियतकालिक पगारी सुटी हा मानवी हक्कच मानला. आज वारा उलटा वाहतो आहे. २०२३ मध्ये एका बड्या उद्योजकाने तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाचे ९० तासांचे मत गाजले, आणि घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहणार, हा त्यातला विनोदही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. केन्सने १९३० मध्ये अशी अपेक्षा व्यक्त केली होती की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. त्या शतकाची मुदत भरत आली आहे आणि इकडे दिवसाच्या बारा तासांचे समर्थन चालू आहे.

हे घडवून आणता येते का, या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सने १९३६च्या उन्हाळ्यात दिले. मे महिन्यात डाव्या आघाडीने निवडणूक जिंकली, कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले आणि लेआँ ब्लुम यांच्या सरकारने जून महिन्यात दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. तेवढ्यावर ते सरकार थांबले नाही, ही यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट. रजा मिळाली तरी खिशात पैसा नाही आणि समुद्रकिनारी जायला परवडणारी गाडी नाही, हे ओळखून क्रीडा आणि फुरसत यांचे खाते सांभाळणाऱ्या लिओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतीचे वार्षिक तिकीट काढले. तरुणांसाठी स्वस्त वसतिगृहांना बळ दिले. त्या ऑगस्टमध्ये लाखो माणसांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कोणी रेल्वेने गेले, कोणी दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून गेले. उजव्या वृत्तपत्रांनी आळसाचे मंत्रालय म्हणून या खात्याची टर उडवली. आपल्या किनाऱ्यावर मजुरांची पोरे दिसू लागली, हे त्यांचे खरे दुःख होते. याच सुमारास जर्मनीत हिटलरची राजवटही कामगारांना स्वस्त सहली घडवीत होती. पण तिने आधी कामगार संघटना मोडल्या होत्या आणि सहलीत कोणी काय बोलतो यावर पाळत ठेवली होती. तेव्हा सरकारने फुकट फिरवून आणले म्हणजे समाजवाद झाला असे नव्हे. सुटी कामगाराच्या हक्काची असावी, तिचा कार्यक्रम त्याने ठरवावा.

आता आपल्याकडच्या गाडीभाड्याकडे वळू. मालवणला जाणाऱ्या त्या पाच जणांचे एसटीचे तिकीट किती पडते? कर्त्या पुरुषाचे एक. मार्च २०२३ पासून महिलांना सवलत आहे, म्हणून पत्नीचे अर्धे. पाच ते बारा वर्षांची दोन मुले, त्यांची अर्धी-अर्धी मिळून एक. आई पंचाहत्तरीच्या पुढची, ऑगस्ट २०२२च्या योजनेप्रमाणे तिला राज्याच्या हद्दीत मोफत. एकूण अडीच तिकिटे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीने १४.९५ टक्के भाडेवाढ केली. ती जमेस धरूनही पाच माणसे अडीच माणसांच्या भाड्यात समुद्रावर पोचतात. आवडेल तेथे प्रवास हा चार किंवा सात दिवसांचा पासही एसटीने १९८८ पासून चालवला आहे. गावोगाव जायचे असेल तर तिकिटाशी तुलना करून तो घ्यावा.

हेच कुटुंब रात्रभराच्या रेल्वेप्रवासाला निघाले तर? एप्रिल २०१६ पूर्वी शयनयानात मुलांना अर्ध्या भाड्यात स्वतंत्र जागा मिळे, आणि ५८ वर्षांवरील स्त्रीला निम्मी सवलत होती. म्हणजे या पाच जणांची साडेतीन भाडी होत. एप्रिल २०१६ मध्ये स्वतंत्र जागा हवी असलेल्या मुलाला पूर्ण भाडे लागू झाले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीचे निमित्त करून ज्येष्ठांची सवलत काढली. साथ ओसरली, सवलत परत आली नाही. साडेतीनाची पाच भाडी झाली. दरपत्रकातल्या भाड्याला हात न लावता या कुटुंबाचा खर्च चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला आणि अर्थसंकल्पाच्या भाषणात भाडेवाढ नाही म्हणून बाके वाजली. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत मागणी वाढेल तसे भाडे चढवण्याची पद्धत आली. त्या गाड्यांत हे कुटुंब बसणार नाही हे खरे. पण गरज जितकी मोठी तितकी किंमत जास्त, हे तत्त्व एकदा सार्वजनिक सेवेत शिरले की ते वरच्या वर्गाच्या डब्यापुरते थांबत नाही. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे नाव देऊन किमान भाडे १० रुपयांचे ३० रुपये केले गेले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. रत्नागिरी-दादर पॅसेंजर ही कोकणातल्या गिरणी कामगारांच्या आणि चाकरमान्यांच्या घरांची गाडी. ती याच काळात दिव्यालाच थांबवण्यात आली. पोरेबाळे आणि बोचकी घेऊन दिव्याच्या गर्दीत उतरणे म्हणजे काय, हे त्या फलाटावर एकदा उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

तिकिटे आधी काढा, हा उपदेशही याच संदर्भात तपासावा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. साठ दिवसांनी आपल्याला कोणत्या तारखेला सुटी असेल हे ज्याला सांगता येते तो नोकरीत कायम असलेला माणूस. ज्याला उद्या काम आहे की नाही हे आज संध्याकाळी कळते, त्याला तारीख कुठली? बाजाराने दूरदृष्टीला बक्षीस ठेवले आहे असे म्हणतात. ती दूरदृष्टी नव्हे, ती नोकरीची शाश्वती आहे.

याउलट ज्यांना शाश्वती आहे त्यांच्या प्रवासाला सरकार हात देते. सरकारी कर्मचाऱ्यांना चार वर्षांच्या गटात रजाप्रवास सवलत आहे आणि जुन्या करपद्धतीत खाजगी नोकरदारांच्या रजाप्रवास भत्त्यावर आयकराची सूटही आहे. ही सवलत काढून घ्या असे येथे सुचवायचे नाही. खालच्याचे भले करण्यासाठी मधल्याचे ओरबाडण्याची गरज नसते. पण पगारी रजा असलेल्याला प्रवासाचे पैसे मिळतात आणि रजाच नसलेल्याला काटकसरीचा लेख मिळतो, ही विषमता डोळ्यांआड कशी करणार? ज्यांच्या जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची वर्गणी कापली जाते, त्यांनी १९५३च्या त्या कायद्याखालच्या मंडळाकडे रजाप्रवासाची मागणी नेटाने लावून धरली पाहिजे. असंघटितांच्या मंडळांकडे तर आधी धरली पाहिजे.

मुक्कामाची गोष्ट याहून सोपी आहे आणि म्हणूनच जास्त चीड आणणारी आहे. तालुक्यातालुक्यात शासकीय विश्रामगृहे आहेत. जनतेच्या पैशातून ती बांधली, खानसामा आणि माळी जनतेच्या पैशातून ठेवले. मंत्री आणि अधिकारी यांच्यापुढे सामान्य माणसाचा क्रम कितवा लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याची निवासस्थाने सुस्थितीतल्या मध्यमवर्गाच्या पलीकडे फारशी गेली नाहीत. आणि मे महिन्यात, ज्या काळात राहायला जागा नाही म्हणून ओरड असते त्याच काळात, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या हजारो खोल्या कुलपात असतात. पाण्याची टाकी आहे, मोरी आहे, ओटा आहे, पटांगण आहे. सतरंज्या आणि स्वच्छतागृहांची डागडुजी एवढीच काय ती उणीव. शाळा व्यवस्थापन समितीने माफक भाडे घ्यावे, ते शाळेलाच वापरावे. याला परदेशी तज्ज्ञ लागत नाही की कर्ज लागत नाही.

महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांना ही पद्धत नवी नाही. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता लाखो शेतकरी आणि मजूर दरवर्षी चालतात. दिंडीत भिशी भरली की जेवण आणि तंबू यांची चिंता नाही, सामानाला ट्रक, स्वयंपाकाला सामाईक चूल, गायला सारी वाट. भक्तीचा भाग भक्तीच्या जागी. पण रोजच्या रहाटगाडग्यातून अठरा-वीस दिवस बाहेर पडण्याची, अनोळखी गावात उतरण्याची, समवयस्कांबरोबर हसण्या-खेळण्याची ही कमी खर्चाची सर्वांत मोठी व्यवस्था आहे आणि ती कोणत्याही प्रवासी कंपनीने उभारलेली नाही. तिचे गोडवे गाताना हेही विसरू नये की याच वाटेच्या शेवटी देवळाचा दरवाजा अस्पृश्यांना बंद होता. तो उघडावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. धर्मशाळाही जातीजातीच्या होत्या. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती उगीच नव्हे. पुढे १९४९ मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती त्यांनी सोपवली. आजही पर्यटनाच्या गावी खोली देताना आडनाव आणि जेवणाची सवय विचारली जाते. शाळेच्या खोलीत तो प्रश्न विचारता येणार नाही, हा तिचा आणखी एक गुण.

स्वस्त सहलीच्या लेखांनी ज्या एका माणसाला सदैव गृहीत धरले आहे ते म्हणजे घरातली बाई. शिधा न्या, स्टोव्ह न्या, दशम्या करून घ्या, चिवडा करून घ्या. कोणी? निघण्याआधी दोन दिवस तिने भाजायचे-तळायचे, समुद्रावर पोचल्यावर भाड्याच्या खोलीत भात टाकायचा, भांडी घासायची आणि मुलांचे ओले कपडे पिळायचे. सहल स्वस्त झाली ती तिच्या बिनमोल श्रमामुळे. तिचा खाडा कधीच होत नाही, हीच तिची गुलामी. मालवणात बचत गटाच्या स्त्रियांकडून पाच जणांचे दोन वेळचे साधे मासळी-भाताचे जेवण घेतले तर थोडे पैसे जास्त जातील, पण ते एका कष्टकरी स्त्रीकडून दुसरीकडे जातील आणि पहिली चार दिवस चुलीपासून सुटेल. हॉटेलच्या खोलीत वाचवलेला पैसा या कामी लावावा. वीस-पंचवीस कुटुंबे एकत्र निघाली तर सामाईक स्वयंपाक आणि पुरुषांच्या पाळ्या हाही मार्ग आहे. पुरुषांनी भाकऱ्या वाकड्या केल्या तरी चालतील.

दुसऱ्याच्या श्रमाचा प्रश्न मुक्कामाच्या गावीही असतो. माथेरानला वाहनांना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापासून चढावर माणसाने माणसाला हातरिक्षात ओढून न्यायचे, हे दशकानुदशके चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्या रिक्षात बसलेले सारेच दुष्ट होते असे नाही. त्यांनी फक्त भाड्याची घासाघीस केली होती. कमीत कमी पैशात जास्तीत जास्त मौज, हे सूत्र ज्याच्या डोक्यात पक्के बसले त्याला समोरच्याच्या छातीचा भाता दिसत नाही.

आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठांना सहल हा शब्दच चैनीचा वाटतो. दुष्काळ आहे, बेकारी आहे, आणि तुम्ही मालवणच्या गोष्टी करता, असे ते म्हणतील. भाकरीचा लढा आधी, हे मान्य. पण भाकरीनंतरचे सारे जीवन मालकवर्गाला आंदण द्यायचे असे कोणी ठरवले? लाफार्गने १८८० मध्ये आळसाच्या हक्काची पुस्तिका लिहिली ती कामगाराला ऐदी करण्यासाठी नव्हे, तर श्रमाची पूजा करायला लावून त्याला राबवणाऱ्यांचे ढोंग उघडे करण्यासाठी. सेवादलाच्या शिबिरांत गाणी आणि खेळ होते म्हणूनच मुले टिकली. सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण मे महिन्याच्या उन्हात माती उपसायला आपल्या खर्चाने जातात आणि पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतात. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेतही एका प्रांताच्या मुलाने दुसऱ्या प्रांतातील घरी राहावे, तिथली भाषा आणि जेवण आपलेसे करावे, हेच होते. ही सहलच की. जनतेला कमी पैशात आनंद कसा घ्यावा हे चळवळ दाखवणार नसेल तर आता फिरा आणि नंतर हप्त्याने फेडा म्हणणारा सावकार ते दाखवायला बसलेलाच आहे. त्याच्या कर्जाने केलेली चार दिवसांची सहल वर्षभराच्या हप्त्यांनी कामगाराला मागाशी आणखी घट्ट बांधते.

तेव्हा शाखांनी पुढच्या मे महिन्याची तयारी दिवाळीनंतरच सुरू करावी. वीस-पंचवीस कष्टकरी कुटुंबांची दिंडीच्या धर्तीवर भिशी लावावी, आठवड्याला झेपेल तेवढीच रक्कम, आणि तीत प्रवासखर्चाबरोबर बुडणाऱ्या मजुरीचा निदान निम्मा भाग धरावा. मालकाकडे सर्वांनी मिळून एकाच आठवड्याची रजा मागावी. एकट्याने मागितली तर खाडा, सगळ्यांनी मागितली तर वाटाघाट. आगारप्रमुखांना महिनाभर आधी भेटून गाडी ठरवावी. पाऊण गाडी बायका-मुले आणि म्हाताऱ्यांची असली की ठोक भाड्यापेक्षा सवलतीची तिकिटे स्वस्त पडतात, तेव्हा दोन्ही हिशेब कागदावर करून पाहावेत. शाळेच्या खोल्यांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज फेब्रुवारीतच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागावा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या सभेत त्यावर प्रश्न विचारता येईल.